फाटकाजवळची टाकी

टाकी रिकामी आहे हे मायलीसला डोळ्यांच्या आधी कानांनी कळलं.

लेबलांचं खोकं तिने शेडच्या उंबऱ्यावर टेकवलं आणि आत जाता जाता, सवयीने, फाटकाजवळच्या स्टीलच्या टाकीवर बोटांची मागची हाडं टकटकवली. भरलेली टाकी असा टकटकाट गिळून टाकते, भरल्या पोटाच्या माणसाने ढेकर द्यावा तेवढाच आवाज परत देते. ही टाकी चर्चच्या घंटेसारखी वाजली. मायलीस थांबली. तिने कमरेच्या उंचीवर पुन्हा टकटक केलं, मग वाकून गुडघ्याच्या उंचीवर, मग अगदी तळाशी. सगळीकडून तोच पोकळ, लांब आवाज.

दोन दिवसांपूर्वी या टाकीत पाच हजार लिटर पांढरी वाईन होती.

अंगणातून लाकडाच्या धुराचा वास येत होता. मघाशी वळणावरून गाडी आत घेताना धूर पाहून तिला बरंच वाटलं होतं. ब्रँडी गाळायची फिरती भट्टी गुरुवारी येणार होती, ठरल्याच्या आधी आली, म्हणजे ठरल्याच्या आधी जाईल, असा तिने हिशेब केला होता. भट्टीवाल्या आबेलला गाडीतूनच हात केला होता. आता ती शेडच्या दारात उभी राहिली आणि भट्टीच्या गाड्याकडून निघालेली रबराची जाड नळी कुठे जाते ते नजरेने बघत गेली. नळी चिखलातून आली होती, कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्याला वळसा घालून उंबरा चढली होती, आणि तिच्या पायापाशी, फाटकाजवळच्या टाकीच्या तोटीला घट्ट बसली होती.

आबेल काझोबाँ भट्टीच्या तोंडात ओकचं लाकूड सारत होता. पन्नाशीचा माणूस, तीस हिवाळे धुरात काढल्याने चेहरा टांगून सुकवलेल्या मांसाच्या रंगाचा. त्याने पावाचा तुकडा गालात सरकवला आणि म्हणाला, "आलीस का गं? या टाकीचं शेवटचं घमेलंभर चढलंय वर. तासा-दीड तासात उरकतं. मागचीही भरलेली दिसतेय, मग ती जोडतो."

मायलीसने तोटीवरच्या नळीकडे पाहिलं.

"वास जरा चमत्कारिक येतोय यंदा," आबेल पुढे म्हणाला. "जळक्या काडेपेटीसारखा. मी काल सांगितलं होतं ओनोरेकाकांना."

ती उंबऱ्यावर, लेबलांच्या खोक्याशेजारी बसली. काय झालंय ते तिला पुरतं कळलं होतं, पण ते डोक्यात शिरून जागेवर बसायला तयार नव्हतं. भट्टीच्या गाड्याखाली एक तांबडी कोंबडी ऊब घेत बसली होती. तिचा एक डोळा मिटलेला होता. मायलीस बराच वेळ त्या कोंबडीकडेच बघत राहिली.

आर्मान्याक भागातल्या या टेकड्यांवर घरोघरी उनी ब्लाँ नावाची द्राक्षं असतात. त्यांची वाईन फिकी, पातळ आणि आंबट होते. ती कुणी ताटासोबत पीत नाही, पाहुण्याला तर नाहीच नाही. हिवाळा लागला की चाकांवरची तांब्याची भट्टी गावोगाव फिरते, प्रत्येकाच्या अंगणात दोन-चार दिवस थांबते, ही वाईन पिऊन टाकते आणि बदल्यात ब्रँडी देते. ती ब्रँडी मग पिंपांत वर्षानुवर्षं मुरत पडते. मायलीसच्या, म्हणजे दास्त्युगांच्या घरात तीन पिढ्या हेच चाललं होतं. भट्टीची नळी फाटकापासून फार लांब पोचत नसे, म्हणून भट्टीची वाईन नेहमी फाटकाजवळच्या टाकीत ठेवत. आधी आबेलचा बाप आणि मग आबेल, दोघांनी मिळून चाळीस वर्षं त्याच तोटीला नळी जोडली होती.

मायलीस ओनोरे दास्त्युगांची एकुलती एक मुलगी. दहा वर्षं तिने तुलूझमध्ये एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले. मागच्या वर्षी, चौतिसाव्या वर्षी, ती परत आली, आणि येताना एक कल्पना घेऊन आली. मळ्याच्या उत्तर उतारावर कोलंबार जातीच्या द्राक्षांच्या ओळी होत्या. ओनोरे ती द्राक्षं वेलीवरून उतरली की तशीच विकून टाकत. मायलीसला त्यांची कोरडी पांढरी वाईन करायची होती. कोरडी म्हणजे जिच्यात गोडवा उरलेला नाही अशी. कोलंबारला पपनसासारखा वास असतो आणि जिभेला चिमटा असतो, पण अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, नसतं. ते अंग यावं म्हणून आठात एक भाग मान्सेंग. ही दोन द्राक्षं एकमेकांना सावरून घेतात. आणि किंमत अशी, की गावातल्या टपालवाल्यालाही मंगळवारच्या साध्या जेवणावर बाटली उघडताना दोनदा विचार करावा लागू नये.

ओनोरेंनी ऐकून घेतलं होतं आणि एक वर्ष दिलं होतं. कुणी जाणतं माणूस ही वाईन आपल्या टेबलावर ठेवायला तयार झालं, तर मळा मायलीसचा. नाही झालं, तर मळा शेजारच्या लाबाला खंडाने द्यायचा. लाबा सगळंच भट्टीत घालणारा माणूस, आणि मुलीने आल्या पावली तुलूझला परत जायचं.

कोलंबारला थंडावा लागतो. थंड करणारं यंत्र चालवायला लागणारी जास्त दाबाची वीज फक्त फाटकाच्या भिंतीपर्यंत आलेली होती. म्हणून सप्टेंबरमध्ये मायलीसने अदलाबदल केली. कोलंबार फाटकाजवळच्या टाकीत आणि उनी ब्लाँ मागच्या सिमेंटच्या टाकीत. मान्सेंगचं एक लहान पिंप कोपऱ्यात. वडिलांना तिने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली. शेडच्या फळ्यावरही तिने लिहून ठेवलं, पण आबेलला फळा वाचायची गरज आयुष्यात कधी पडली नव्हती. त्याचा हात तोटी ओळखत होता.

वाईन ताजी राहावी म्हणून तिने कोलंबारला थोडं गंधकही दिलं होतं. भट्टीच्या वाईनला गंधक लावत नाहीत, कारण तांब्यात उकळताना ते सगळं वर येतं. म्हणजे वाईन तर गेलीच, आणि तिच्यापासून निघालेली ब्रँडीही जळक्या काडेपेटीचा वास घेऊन पिंपात उतरली होती. एका बाजूचं नुकसान दुसरीकडे भरून निघेल अशी काही सोय नव्हती.

हे सगळं डोक्यात बसायला मायलीसला उंबऱ्यावर दहा मिनिटं लागली. अकरावं मिनिट लागलं तेव्हा तिला आठवलं की दुपारी बारा वाजता पेरीन लेस्का येणार आहे.

स्वयंपाकघरात आदल्या संध्याकाळच्या पंधरा ताटांचा ढीग पडला होता. भट्टी आली की शेजारीपाजारी जमतात, भट्टीच्या निखाऱ्यांवर बदक भाजतात, जेवतात. ती इथली रीत आहे. ओनोरे टेबलाच्या टोकाला डोक्यावर टोपी तशीच ठेवून बसले होते. वय शहात्तर, हात फावड्यासारखे, आणि बोलणं मोजकं. मुलगी दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि ती काही विचारायच्या आतच सांगून टाकलं. परवा आबेलचा फोन आला होता. आधीच्या शेतावरचं काम लवकर संपलं, येऊ का म्हणाला. ये म्हटलं.

"कुठली टाकी म्हणून विचारलं त्याने," ओनोरे म्हणाले. "मी म्हटलं, नेहमीची."

मायलीसने विचारलं, सप्टेंबरमध्ये मी सांगत होते ते ऐकलं होतंत का. ऐकलं होतं, ते म्हणाले. ऐकलेलं डोक्यात होतं, पण तोंडातून जे गेलं ते चाळीस वर्षांचं होतं. एवढं बोलून त्यांनी टेबलावरचे पावाचे कण तळहाताने एका जागी गोळा केले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. कशी मागतात तेही बहुधा ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी फ्रिजकडे मान वळवली. आत तीन बाटल्या होत्या. मायलीसने गेल्या आठवड्यात कोलंबार आणि मान्सेंग मोजून, मिसळून, चव बघण्यासाठी भरलेल्या.

"त्या बाईला त्यातली पाज," ओनोरे म्हणाले. "हो म्हणू दे तिला. कोलंबार काही जगातून संपलेलं नाही. लाबाकडे पाहिजे तेवढं आहे. टँकर मागवू, टाकीत भरू. कुणाला कळणार आहे?"

मायलीसला पुन्हा एकदा घंटेसारखा तो पोकळ आवाज ऐकू आल्यासारखं झालं. हा माणूस बाजारात टोपलीतला एक नासका पीच आपल्या हाताने बाजूला काढून मग टोपली गिऱ्हाइकापुढे करायचा. तिने ताटं उचलली आणि धुवायला घेतली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. त्यातलं एक ताट तिच्या हातून निसटलं आणि फुटलं. तुकडे दोघांनी मिळून गोळा केले.

पेरीन बाराला पाच कमी असताना आली. साठीची, बुटकी, रुंद बाई. आर्काशाँच्या खाडीत तिच्या नवऱ्याची कालवांची शेती होती आणि काठावर त्यांची लाकडी खोपटी, आठ टेबलांची. तिथे गिऱ्हाईक येतं ते ताजी कालवं खायला. सोबत पाव, लोणी आणि एक पांढरी वाईन. दुसरा पदार्थ नाही, दुसरी वाईन नाही. जुना वाईनवाला म्हातारा होऊन थांबला होता, म्हणून पेरीन नवी वाईन शोधत होती. ऑक्टोबरमध्ये तिने मायलीसची वाईन टाकीतूनच चाखली होती, अजून कच्ची होती तेव्हा, आणि डिसेंबरात येते म्हणाली होती. ती हो म्हणाली तर ते 'जाणतं माणूस' तीच, हे ओनोरेंनीही कबूल केलं होतं.

तिने ओल्या शेवाळाखाली झाकलेली कालवांची पेटी टेबलावर ठेवली आणि खिशातून आखूड पात्याची सुरी काढली. तिची चाखायची स्वतःची पद्धत होती. नुसती वाईन ती कधी तोंडात घेत नसे. आधी एक कालव, मग वाईनचा घोट, मग दुसरं कालव. दुसरं कालव पहिल्यापेक्षा चांगलं लागलं तर वाईन चांगली. वाईन कशी लागली हा प्रश्न तिच्या हिशेबी बिनकामाचा होता.

मायलीसने फ्रिज उघडला. ती सांगणारच होती. येताच सांगायचं असं ताटं धुताना तिने ठरवलं होतं. पण पेरीनची सुरी कालवाच्या सांध्यात शिरली, शिंपला उघडला, आणि मायलीसच्या हाताने बाटलीचं बूच काढून ग्लास भरला. ओनोरे खुर्चीत मागे रेलले.

पेरीनने एक कालव खाल्लं. लिंबू नाही, कांद्याचं व्हिनेगर नाही, नुसतं खारं पाणी आणि मांस. घोट घेतला. दुसरं खाल्लं. मग डोळे मिटून थोडा वेळ बसली आणि तिच्या गालावर हळूहळू रंग चढला.

"हीच," ती म्हणाली. "ऑक्टोबरपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. खाडीत पहाटे ओहोटीला उभं राहिल्यासारखं वाटलं मला. किती आहे तुझ्याकडे?"

"दोन बाटल्या," मायलीस म्हणाली. "आणि ही उघडलेली आहे तेवढी."

पेरीन हसली. पोरीला धंद्यातली खेचाखेच चांगली जमते असं वाटून हसली. मग तिने मायलीसच्या तोंडाकडे पाहिलं, ओनोरेंच्या टोपीकडे पाहिलं, आणि हसू अर्ध्यात राहिलं.

मायलीसने सगळं सांगितलं. टाकीची अदलाबदल, दोन दिवस ओश शहराला तपासणीसाठी आणि लेबलांसाठी जाणं, ठरल्याच्या आधी आलेली भट्टी, नळी. सांगताना तिचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा सपाट येत होता. पेरीनने सुरी खाली ठेवली. तिने खिडकीतून अंगणातल्या भट्टीकडे पाहिलं. तांब्याच्या मानेतून अजून वाफ निघत होती. एखाद्याच्या घरात प्रेत आहे हे उशिरा लक्षात आल्यावर माणूस जसा बघतो, तशी ती बघत राहिली.

"पाच हजार लिटर," ती म्हणाली. "आणि त्या भट्टीवाल्याला नाक नाही?"

आहे, मायलीस म्हणाली. त्याला वास आला होता. त्याने काल बाबांना सांगितलं होतं.

हे वाक्य तोंडातून गेल्यावरच तिला स्वतःला ते ऐकू आलं. सकाळपासून ते तिच्या कानात पडून होतं आणि तिने उचललंच नव्हतं. काल. तिने वडिलांकडे वळून पाहिलं. पेरीननेही पाहिलं.

ओनोरेंनी टोपी काढली. या घरात दिवसाउजेडी त्यांना टोपीशिवाय कुणी फारसं पाहिलं नव्हतं. कपाळाचा वरचा भाग पांढराफटक होता, दुसऱ्याच माणसाचा वाटावा असा.

"काल पाचलाच कळलं होतं मला," ते म्हणाले. "आबेलने काडेपेटी म्हटलं आणि मला कळलं. शेडमध्ये जाऊन मी टाकी वाजवून बघितली. निम्मी भरलेली होती."

मग ते तुकड्यातुकड्याने बोलले. माणसं यायला लागली होती. लाबा आला होता, त्याची बायको आली होती. निखाऱ्यांवर बदकं चढली होती. पेटलेली भट्टी मध्येच थांबवल्याचं या दारात कधी झालं नव्हतं, त्यांच्या वडिलांच्या वेळीही नाही. थांबव म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं की म्हाताऱ्याला स्वतःच्या शेडमधली टाकी समजत नाही. ते आबेलकडे दोनदा गेले. दोनदा निखाऱ्यांवर हात शेकून परत आले. मग जेवायला बसले.

"जेवलात," मायलीस म्हणाली.

"जेवलो," ओनोरे म्हणाले. "लाबाने गाणंसुद्धा म्हणायला लावलं."

मायलीस उठून उभी राहिली. टाकी रिकामी वाजली तेव्हा जो धक्का बसला होता तो निदान अंगावरून गेला होता, एखादं वाहन जावं तसा. हा आत शिरला. चूक झाली होती ती चूकच होती, चाळीस वर्षांची सवय होती, तिच्यावर रागावून काय करणार. पण वडील या खुर्चीत बसून गात होते आणि त्याच वेळी नळीतून उरलेलं निम्मं वर चढत होतं. अडीच हजार लिटर. एक शब्द बोलले असते तर आज ती पेरीनला सांगू शकली असती की निम्मं आहे. तिला वाटलं, आपण ओरडू. तिने टेबलाची कड धरून ठेवली.

पेरीन समजूत काढणारी बाई नव्हती. तिने एक कालव उघडलं, बघितलं, खाली ठेवलं, आणि म्हणाली, "बापलेकींचं तुम्ही मागाहून बघा. मी दीडशे किलोमीटरवरून पेटी घेऊन आलेय आणि उघडलेली पेटी मी परत नेत नाही. मुली, दुसरं काय आहे तुझ्या शेडमध्ये?"

मागे उनी ब्लाँ आहे, मायलीस म्हणाली. भट्टीचं. आणि मान्सेंगचं एक पिंप.

"घेऊन ये."

"ते ताटासोबत पीत नाहीत," ओनोरे म्हणाले. सवयीनेच म्हणाले, आणि लगेच गप्प झाले.

मायलीस जग घेऊन शेडमध्ये गेली. सिमेंटच्या टाकीची तोटी गार होती. तिथेच उभ्याने तिने घोटभर चाखून पाहिली. पाण्यात लिंबू पिळावं आणि त्यात नदीतला गोटा बुडवून काढावा, तसं काहीतरी. वास जवळजवळ नाहीच. तिचं मन आणखी खाली गेलं. तरी तिने जग भरला, कारण आत बसलेल्या बाईने सांगितलं होतं आणि सांगितलेलं करणं एवढंच तिला त्या वेळी जमत होतं.

पेरीनने एक कालव खाल्लं. घोट घेतला. दुसरं खाल्लं. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. तिने तिसरं खाल्लं, मग चौथं, आणि मध्ये प्रत्येक वेळी घोट. मग उघडलेलं एक कालव आणि ग्लास तिने ओनोरेंपुढे सरकवला.

"तुम्ही घ्या."

ओनोरेंनी ग्लासकडे पाहिलं. साठ वर्षं त्यांनी ही द्राक्षं छाटली होती, तोडली होती, पिळली होती आणि उकळायला दिली होती. पण जेवणाच्या टेबलावर बसून ही वाईन त्यांनी कधीच तोंडाला लावली नव्हती. त्यांनी कालव खाल्लं, घोट घेतला, आणि त्यांचे जबडे चालायचे थांबले. त्या पातळ, कडक वाईनने जिभेवरचं सगळं धुऊन काढलं होतं आणि मागे फक्त समुद्र राहिला होता. गोड, खारा, स्वच्छ. त्यांनी मुलीकडे पाहिलं. त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं.

"हेच उकळत आलो मी," ते हळूच म्हणाले.

"उगाच डोक्यावर घेऊ नका," पेरीन म्हणाली. "कालवांशिवाय ही वाईन म्हणजे औषध आहे. आता त्यात ते दुसरं घाल गं, थोडंसं."

मायलीसने काचेची मोजनळी आणली. आठात एक भाग मान्सेंग घातला आणि ढवळलं. वाईनला जरा अंग आलं, मागून पिकल्या पिवळ्या फळाचा पुसटसा वास आला. मग पेरीनने टेबलावर आणि कपाटात जे सापडलं ते सगळं तिच्यासमोर मांडून बघितलं. कालवांसोबत खातात ते लहान गरम सॉसेज तिने स्वतः आणले होते, ते तव्यावर टाकले. चाललं. सॉसेजच्या चरबीतून वाईन सुरीसारखी पार गेली. शेळीच्या दुधाचं कोवळं चीज चाललं, वाईनचा आंबटपणा आणि चीजचा आंबटपणा एकमेकांत मिसळून दोन्ही मऊ झाले. एप्रिलात वाळूतल्या पांढऱ्या शतावरीचे कोंब येतात, त्यांच्यासोबतही चालेल असं ती म्हणाली. मग तिने आदल्या रात्रीच्या बदकाचा थंड तुकडा घेतला आणि घोट घेऊन मान हलवली.

"बदकापुढे पाणी होतं हिचं. त्या वाटेला जाऊच नकोस. कुणी गिऱ्हाईक विचारलं तर सरळ सांगायचं, बदकाला लाल घ्या."

मायलीस उभ्याउभ्याच कागदावर लिहून घेत होती.

मग पेरीनने सुरी पुसली आणि बोलायला सुरुवात केली, तेव्हा तिचा सूर बदललेला होता. ती म्हणाली, फ्रिजमधली वाईन तिला आवडली होती, मनापासून आवडली होती. ती वाईन प्यायल्यावर गिऱ्हाइकांनी बाटली फिरवून लेबल वाचलं असतं. ही वाईन प्यायल्यावर कुणी लेबल वाचणार नाही. लोक फक्त आणखी एक डझन कालवं मागतील. तिच्या नवऱ्याला हे दुसरं जास्त आवडेल. तिला स्वतःला काय वाटतं ते तिला अजून ठरवता येत नव्हतं.

"ईस्टरपासून चार टेबलांवर ठेवते," ती म्हणाली. "आठ नाही. मार्चमध्ये येऊन बघेन, तोवर नासली असेल तर एकाही नाही. आणि लेबलावर कोलंबार छापलं असशील तर ती लेबलं जाळ. जे आत आहे तेच बाहेर लिहायचं."

मायलीसने मान हलवली. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठे आहे हे तिला सापडत नव्हतं. मळा राहिला होता, बहुतेक. चार टेबलांपुरता राहिला होता. पण सप्टेंबरात उत्तर उतारावर पहाटेच्या गारव्यात तोडलेल्या त्या द्राक्षांचं आता जगात दोन-तीन बाटल्यांपलीकडे काहीच उरलं नव्हतं.

दारावर टकटक झाली. आबेल टोपी हातात घेऊन उभा होता. झाल्या प्रकाराची कुणकुण त्याला लागली असावी, कारण तो आत आला नाही, उंबऱ्यावरूनच बोलला. पहिल्या टाकीचं काम संपलं होतं. नळी पुसून ठेवली होती, जास्तीचा तुकडा जोडून लांब केली होती, विस्तव धगधगीत होता. आता मागची टाकी जोडू का, असं त्याने विचारलं. विचारलं ते ओनोरेंना, जसं दर हिवाळ्यात विचारत आला होता.

ओनोरेंनी तोंड उघडलं. मग मिटलं. टेबलावर पडलेल्या टोपीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"मला नको विचारूस," ते म्हणाले. "तिला विचार. शेड तिची आहे."

आबेलने गोंधळून मायलीसकडे पाहिलं. मायलीसनेही तितक्याच गोंधळून वडिलांकडे पाहिलं. मग तिने सांगितलं की मागच्या टाकीतलं थेंबभरही भट्टीत जाणार नाही. ना आज, ना उद्या.

आबेल जागचा हलला नाही. तीस वर्षांत भरलेली टाकी मागे सोडून त्याने कुठल्याच अंगणातून गाडा हलवला नव्हता. विस्तव पेटलेला होता आणि पोटात घालायला काहीच नव्हतं. घरात कुणी गेलंय का, असं त्याने अगदी हळू आवाजात विचारलं.

"कुणी नाही गेलं," ओनोरे उठत म्हणाले. "चल, पाणी सोडू भट्टीत आणि विझवू. मी येतो." दारापाशी ते थांबले. मुलीच्या बाजूला वळले, पण तिच्या डोळ्यांकडे बघणं त्यांना जमलं नाही. ती माझ्या नावावर टाक, ती निम्मी, असं काहीसं ते पुटपुटले आणि टोपी न घालताच आबेलच्या मागे थंडीत गेले.

मायलीस तशीच उभी होती. निम्म्या टाकीचं काय करायचं, ती कुणाच्या नावावर टाकायची, ती कधी विसरता येईल का, यातलं काहीच तिला त्या दुपारी कळत नव्हतं. अंगणात पाणी पडल्याचा मोठा फुस्स आवाज झाला आणि खिडकी वाफेने पांढरी होऊन गेली.

तिने मोजनळी विसळली, पुसली, उजेडाकडे धरली. मघाच्या मिश्रणात मान्सेंगचा गोडवा कालवाच्या मागे किंचित रेंगाळत होता, हे तिच्या जिभेने टिपून ठेवलं होतं. तिने नवा नमुना मोजायला घेतला, या वेळी दहात एक. पेरीनने एक कालव उघडलं आणि तिच्यापुढे सरकवलं.